बोल्झानो १९४३–४५: कायद्याने इटली, कारभाराने टिरोल

प्रश्न असा आहे: सप्टेंबर १९४३ ते मे १९४५ या काळात उत्तर इटलीतले बोल्झानो, त्रेन्तो आणि बेल्लुनो हे तीन प्रांत काही नकाशांत जर्मनीच्या रंगात दिसतात, काहींत मुसोलिनीच्या सालो प्रजासत्ताकाच्या (जर्मनांच्या आधाराने उत्तर इटलीत उभ्या केलेल्या फॅसिस्ट राजवटीच्या) रंगात, तर काहींत पट्ट्यापट्ट्यांचे. हा भाग जर्मनीत विलीन झाला होता का? आणि त्या काळातला एखादा कागद हाती आला तर तो वाचायचा कसा?

विलीन झाला नव्हता. तसा कायदा कधीच निघाला नाही. चलन लिराच राहिलं आणि सार्वभौमत्व कागदोपत्री इटलीचंच. पण कोणाला नेमायचं, कोणाला काढायचं, कोणता कायदा लागू करायचा, कोणाला सैन्यात ओढायचं हे सगळं रोमही ठरवत नव्हतं आणि सालोही. ते ठरत होतं ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या गाउलाइटरकडे, म्हणजे नाझी पक्षाच्या प्रादेशिक प्रमुखाकडे. त्यामुळे पट्ट्यापट्ट्यांचा नकाशा त्यातल्या त्यात बरोबर. हे अर्धवटपण ढिसाळपणातून आलेलं नव्हतं, मुद्दाम ठेवलेलं होतं. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे बरेचसे कागद आपोआप उलगडतात.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने दोस्तांशी शस्त्रसंधी केल्याचं जाहीर झालं आणि जर्मन सैन्याने लगोलग इटालियन तुकड्यांना निःशस्त्र करायला सुरुवात केली. दोनच दिवसांनी, १० सप्टेंबरला, हिटलरने आदेश काढून दोन ‘लष्करी कारवाई क्षेत्रं’ निर्माण केली. एक आल्पेनफोरलांट, म्हणजे आपले हे तीन प्रांत. तिथे सर्वोच्च आयुक्त म्हणून टिरोल-फोरार्लबेर्गचा गाउलाइटर फ्रान्झ होफर. दुसरं एड्रियाटिक किनारपट्टीचं: उदिने, गोरित्सिया, त्रिएस्ते, पोला, फियुमे आणि ल्युब्लियाना. तिथे कॅरिंथियाचा गाउलाइटर फ्रीडरिश राइनर. मुसोलिनीची ग्रान सास्सो डोंगरावरच्या कैदेतून सुटका झाली १२ सप्टेंबरला. म्हणजे मित्र कैदेतून सुटण्याआधीच त्याच्या घराच्या दोन खोल्यांना कुलूप लागलेलं होतं.

आता नावाची गंमत पाहा. ‘कारवाई क्षेत्र’ म्हटलं की डोळ्यांसमोर लष्करी कमांडर येतो. इथे नेमला गेला पक्षाचा प्रादेशिक प्रमुख, आणि त्याला मूलभूत सूचना थेट हिटलरकडून मिळतील असं आदेशातच होतं. १९४०-४१ मध्ये अल्सास, लोरेन, लक्झेंबर्ग आणि उत्तर स्लोव्हेनियात जर्मनांनी हेच केलं होतं: शेजारच्या गाऊचा प्रमुख आणायचा, त्याला ‘मुलकी प्रशासनाचा प्रमुख’ म्हणायचं आणि विलीनीकरणाची घोषणा न करता विलीनीकरण करत राहायचं. बोल्झानोत पद्धत तीच होती. फक्त इटलीशी, म्हणजे मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या इटलीशी, मैत्री दाखवायची होती, म्हणून पाटीवर लष्करी शब्द आला. पाटी बदलली, दुकान तेच.

भूगोलाच्या पुस्तकातून येणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. आज ‘आल्पेनफोरलांट’ म्हटलं तर आल्प्सच्या उत्तरेचा, बव्हेरियाकडचा पायथ्याचा प्रदेश. १९४३ चं क्षेत्र मात्र आल्प्सच्या दक्षिण उतारावर, डोलोमाइट्सच्या ऐन गाभ्यात. शोधयंत्रात नुसतं हे नाव टाकलंत तर बव्हेरियातली तळी आणि गायरानं हाती लागतील. शोधताना ‘बोल्झानो’ किंवा त्याचं जर्मन नाव ‘बोत्सेन’ जोडायला विसरू नका.

बोल्झानो प्रांताचा, म्हणजे दक्षिण टिरोलचा, आधीचा इतिहास थोडा तरी हवा, नाहीतर १९४४ ची सैन्यभरती कळणार नाही. हा जर्मनभाषक भाग १९१९ च्या सेंट-जर्मेन तहाने ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. फॅसिस्ट काळात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. २३ जून १९३९ ला बर्लिनमध्ये हिटलर आणि मुसोलिनीच्या माणसांनी यावर ‘तोडगा’ काढला: जर्मनभाषकांनी ३१ डिसेंबरपर्यंत ठरवायचं. जर्मन नागरिकत्व घेऊन देश सोडा, नाहीतर इटालियन म्हणून राहा आणि भाषा विसरा. इकडे आड, तिकडे विहीर. साधारण ८५ टक्क्यांच्या वर लोकांनी जर्मनीला कौल दिला (आकड्यांवर आजही वाद आहे), पण युद्धामुळे प्रत्यक्षात गेले सुमारे ७५ हजार. बाकीचे ‘जाणार’ म्हणून नोंदले गेले आणि घरातच राहिले. ज्यांनी राहायचं ठरवलं ते ‘दाब्लायबर’, म्हणजे ‘इथेच राहणारे’. एकाच गावात, कधी एकाच घरात, हे दोन गट आणि त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचं वैर.

होफर आला तेव्हा त्याच्या हाताशी तयार यंत्रणा होती ती या जाणाऱ्यांच्या संघटनांची. त्यांचा पुढारी पेटर होफर बोल्झानोचा प्रांतप्रमुख झाला. २ डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तो मेला आणि त्याच्या जागी कार्ल टिन्त्सल आला. गावोगाव इटालियन नगरप्रमुख गेले, जर्मन आले. स्थानिक जर्मनांची सुरक्षा-सेवा उभी राहिली आणि काराबिनिएरी या इटालियन निमलष्करी पोलिसांना तिने हळूहळू बाजूला सारलं. ‘डोलोमिटेन’ हे कॅथलिक वळणाचं जर्मन दैनिक बंद पडलं आणि १३ सप्टेंबरला ‘बोत्स्नर टागब्लाट’ सुरू झालं, प्रशासनाचं मुखपत्र. वीस वर्षांनी जर्मन शाळा उघडल्या. या शेवटच्या गोष्टीने पुष्कळ कुटुंबांना मनापासून आनंद झाला. तो आनंद लबाडीचा नव्हता, आणि तो दुर्लक्षून या काळाबद्दल लिहिणं अर्धवट राहतं. गावांच्या नावांचं इटालियनीकरण ज्याने केलं तो एत्तोरे तोलोमेई जर्मनांच्या हाती लागताच दाखाऊच्या छळछावणीत रवाना झाला. पण त्याच दाखाऊला फ्रीडल फोल्गर हा जर्मनभाषक दाब्लायबरही गेला. ‘आपली माणसं आली’ हे सगळ्यांसाठी खरं नव्हतं.

त्रेन्तोत वेगळा डाव. तिथली वस्ती इटालियनभाषक, पण १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाची प्रजा. फॅसिझमवर नाराज, स्वायत्ततेची भुकेली. होफरने तिथे फॅसिस्टपूर्व काळातला उदारमतवादी वकील आदोल्फो दे बेर्तोलिनी याला बसवलं आणि शेजारी जर्मन सल्लागार ठेवला. फॅसिस्ट रिपब्लिकन पक्षाला या क्षेत्रात थारा नव्हता. फॅसिस्टांना नाझींनीच दूर ठेवावं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब सरळ होता: फॅसिस्ट म्हणजे रोमचा हक्क सांगणारे. त्यांना आत घेतलं तर पट्ट्यांचा नकाशा पुन्हा एकरंगी व्हायला लागेल, तोही चुकीच्या रंगाचा. सालोच्या सैन्यभरतीलाही इथे मनाई होती आणि सालोचा कायदा होफरने मान्य केल्याशिवाय लागू होत नसे.

बेल्लुनोला ना जर्मन शाळांचं गाजर, ना स्वायत्ततेचं. डोंगराळ, गरीब, इटालियनभाषक प्रांत. तिथे प्रतिकार सगळ्यांत जोरात आणि त्याचे घावही सगळ्यांत खोल. १० मार्च १९४५ ला शहराबाहेरच्या चेस्टनटच्या राईत दहा जणांना फासावर दिलं, तर १७ मार्चला भर चौकातल्या दिव्याच्या खांबांवर चौघांना. तो चौक आज ‘हुतात्म्यांचा चौक’ आहे.

आता सत्तेची उतरंड. कागद वाचताना सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. होफर सर्वोच्च, हे मुलकी कारभारापुरतं. पोलिसांची साखळी वेगळी: बोल्झानोत एसएस (नाझी पक्षाचं सशस्त्र दल) आणि पोलिसांचा प्रमुख कार्ल ब्रुनर, त्याच्यावर इटलीतला सर्वोच्च एसएस आणि पोलिस अधिकारी कार्ल वोल्फ. सैन्याची तिसरी साखळी. राजदूत रुडोल्फ रान हा इटलीतला जर्मन प्रतिनिधी, पण त्याचं या दोन क्षेत्रांत फारसं चालत नसे. आणि कागदावर इटालियन प्रांतप्रमुखाचं कार्यालय, इटालियन शिक्क्यांसह. एकाच आठवड्यातल्या तीन कागदांवर तीन वेगळ्या डोक्यांचे शिक्के सापडले तर गोंधळू नका, ते तसंच असायचं. मजकुराआधी सही पाहायची. शिक्का जुन्या कार्यालयाचा असू शकतो, टंकलेखन नेहमीच्याच कारकुनाचं असू शकतं. सही मात्र सांगते की त्या दिवशी दोरी कोणाच्या हातात होती.

कायदेशीर आधार शोधायचा असेल तर सर्वोच्च आयुक्ताचं आदेशपत्र पाहा. ते जर्मन आणि इटालियन दोन्हींत निघत असे. इटालियन कागदांत या क्षेत्राचं नाव ‘प्रेआल्पी’ असं येतं, तेव्हा इटालियन सूचीत ‘आल्पेनफोरलांट’ नाही म्हणून शोध सोडू नका. राजकीय आणि युद्धविषयक गुन्ह्यांसाठी बोल्झानोत एक विशेष न्यायालयही होतं. त्याच्या निकालपत्रात इटालियन दंडसंहितेचं कलम दिसलं नाही तर नवल नको.

भरतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कुटुंबांकडून येणारे निम्मे प्रश्न तिथेच अडकलेले असतात.

पहिला टप्पा १९४३ च्या शरदातला. ‘बोत्सेन’ पोलिस रेजिमेंट उभी राहिली, नावापुरती स्वयंसेवकांची. दुसरा टप्पा ६ जानेवारी १९४४ चा आदेश: १८९४ ते १९२६ या सालांत जन्मलेल्या पुरुषांना युद्धसेवा सक्तीची. यात जाणारे आले तसे दाब्लायबरही आले. १९०७ च्या हेग नियमांप्रमाणे व्याप्त प्रदेशातल्या लोकांकडून निष्ठेची शपथ घेता येत नाही आणि त्यांना स्वतःच्या देशाविरुद्धच्या लढाईत जुंपता येत नाही. दाब्लायबर तर निःसंशय इटालियन नागरिक. म्हणून त्यांच्या नावचं भरतीपत्र हा या सगळ्या कारभारातला सगळ्यांत उघड बेकायदा कागद, आणि तो अगदी रीतसर नमुन्यात छापलेला असतो. हुकूम मोडला तर जीव जायचा. माणूस डोंगरात पळाला तर आईबाप, बायको, भावंडं आत. याला ‘झिप्पनहाफ्ट’ म्हणत, कुळाची कैद. पास्सायर खोऱ्यातले पळालेले आणि हान्स एगार्टरभोवतीचा ‘आंद्रेआस होफर बुंट’ हा प्रतिकार-गट याच दबावाखाली वावरत होता.

योसेफ माइर-नुस्सर हे एकच प्रकरण जवळून पाहिलं तरी सगळं कळतं. बोल्झानोचा कॅथलिक युवा-कार्यकर्ता, दाब्लायबर. १९४४ च्या सप्टेंबरात त्याला थेट वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे एसएसच्या लढाऊ शाखेत, घातलं आणि प्रशिक्षणाला कोनित्सला नेलं, आजच्या पोलंडमध्ये. ४ ऑक्टोबरला शपथविधीच्या वेळी त्याने सांगितलं की हिटलरच्या नावाने शपथ घेणं त्याच्या श्रद्धेत बसत नाही. कैद झाली. दाखाऊकडे नेत असताना २४ फेब्रुवारी १९४५ ला एर्लांगेन इथे रेल्वेच्या डब्यात तो गेला. २०१७ मध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केलं. त्याच्या नागरिकत्वाच्या रकान्यात इटली आणि गणवेश एसएसचा. ‘एसएसमध्ये होता म्हणजे नाझी होता’ हे गणित या प्रदेशात न तपासता मांडू नये.

त्याच वेळी उलटं गणितही चालत नाही. ‘बोत्सेन’ रेजिमेंटची तिसरी बटालियन रोमला गेली. २३ मार्च १९४४ ला व्हिया राझेल्ला या रस्त्यावर झाडूवाल्याच्या हातगाडीत दडवलेल्या सुमारे १८ किलो स्फोटकांनी तिच्या ११ व्या कंपनीतले ३३ जण मेले आणि दुसऱ्या दिवशी जर्मनांनी बदला म्हणून आर्देआतिने खाणींत ३३५ जणांना गोळ्या घातल्या. मेलेले पोलिस बहुतेक साधे, वयाने थोराड टिरोली शेतकरी. पण याच रेजिमेंटच्या तुकड्या बेल्लुनोच्या डोंगरांत गावं जाळायच्या मोहिमांतही होत्या. म्हणून रेजिमेंटच्या नावावर थांबू नका. बटालियन आणि कंपनीपर्यंत जा, मग तारीख पाहा. नावाआधी ‘एसएस’ हे १९४४ च्या वसंतात जोडलं गेलं. त्याआधीच्या कागदावर ते नसेल तर कागद खोटा ठरत नाही.

त्रेन्तोच्या तरुणांपुढे साधारण तीन वाटा होत्या: त्रेन्तिनो सुरक्षा दल, टॉट या जर्मन लष्करी बांधकाम संघटनेची कामं, किंवा विमानविरोधी तोफा. दलात जाणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. अनेकांनी ती वाट निवडली ती गावाजवळ राहता येईल म्हणून.

हा भाग जर्मनांना एवढा का हवा होता? भाषेचं प्रेम होतंच, पण ब्रेनर खिंड त्याहून मोठी. १,३७० मीटर उंचीवरून जाणारा हा लोहमार्ग व्हेरोनापासून खिंडीपर्यंत सुमारे २४० किलोमीटर, आणि इटलीतल्या जर्मन सैन्याची मुख्य रसदवाट. मार्ग विजेवर चालायचा, आणि मेख तिथेच होती. ६ नोव्हेंबर १९४४ ला अमेरिकन विमानांनी पूल सोडून आधी ‘आला’ हे गाव, त्रेन्तो वगैरे ठिकाणची विद्युत रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) उडवली. पूल दोन-चार दिवसांत कसाबसा जोडता येतो, रोहित्र तसं जोडता येत नाही. मग वाफेची इंजिनं आणावी लागली. त्यांना कोळसा लागतो, तो पुन्हा याच मार्गाने आणावा लागतो आणि चढावर त्यांची ओढही कमी. लाव्हिसजवळच्या अविसिओ नदीच्या पुलावर तर पुन्हा पुन्हा बॉम्ब पडले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी ज्या जर्मन फळीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव धावून गेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तिच्यासाठी जर्मनीतून येणारा दारूगोळा मुख्यतः याच वाटेचा. तेव्हा ब्रेनर आपल्याकडच्या लष्करी इतिहासापासूनही फार लांब नाही.

छळछावणीबद्दल कागद असेल तर आधी तारीख बघा. मेरानोच्या ज्यूंना १६ सप्टेंबर १९४३ लाच उचललं, वीस-पंचवीस माणसं. इटलीतून झालेली ही पहिली हद्दपारी, होफरची गादी नीट बसायच्या आत. त्यांना आधी इन्सब्रुकजवळच्या रायखेनाऊला नेलं, मग आउश्वित्झला. बोल्झानोची संक्रमण छावणी तेव्हा नव्हतीच. ती १९४४ च्या उन्हाळ्यात उघडली, फोस्सोलीची आधीची संक्रमण छावणी युद्धआघाडीच्या जवळ आली म्हणून. म्हणजे १९४३ च्या कैद्यासाठी बोल्झानो छावणीची नोंद शोधत बसणं फुकट. तिच्यात अंदाजे ११ हजार माणसं आली. त्यांतल्या अनेकांना पुढे पाठवलं, मुख्यतः माउटहाउझेन, फ्लॉसेनब्युर्ग, दाखाऊ, राव्हेन्सब्र्युक आणि आउश्वित्झकडे. काहींना विर्गोलो बोगद्यातल्या बॉल-बेअरिंगच्या कारखान्यात जुंपलं होतं. छावणीचं दप्तर एसएसने शेवटी जाळलं. पण एप्रिलच्या अखेरीस कैदी सोडताना त्यांना सुटकेच्या चिठ्ठ्या दिल्या गेल्या, छावणीप्रमुख कार्ल टिथोच्या नावच्या. जाळलेल्या दप्तराच्या जागी आज अनेक घरांत तेवढाच पुरावा आहे, म्हणून तसा कागद सापडला तर लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि आम्लरहित पाकिटात ठेवा.

नावांबद्दल. फ्रान्झ होफर हा गाउलाइटर, पेटर होफर हा बोल्झानोचा प्रांतप्रमुख, आणि आंद्रेआस होफर हा १८०९ चा टिरोली बंडवीर, ज्याचं नाव नाझींनीही वापरलं आणि नाझीविरोधकांनीही. तिघांचं नातं जोडणारे मजकूर सर्रास दिसतात, त्यांना भुलू नका. गावांची नावं दोन्ही भाषांत टिपून ठेवा: बोत्सेन–बोल्झानो, ब्रिक्सेन–ब्रेसानोने, ब्रुनेक–ब्रुनिको, श्टेर्त्सिंग–विपितेनो, श्लांडर्स–सिलांद्रो. शेवटच्या जोडीसारख्या काही सरळ ओळखू येतात, श्टेर्त्सिंगवरून विपितेनो मात्र सात जन्मांत सुचणार नाही. लादिन भाषेची खोरी तिन्ही प्रांतांत विभागलेली, तिथे तिसरं नाव असतं.

सैनिकाचा शोध असेल तर बर्लिनच्या जुन्या सैनिक-माहिती कार्यालयाचं दप्तर आता जर्मन संघीय अभिलेखागारात आहे, तिथे जन्मतारीख आणि जन्मगावाचं जर्मन नाव देऊन अर्ज करा. कैद्यासाठी जर्मनीतलं आरोल्सेन अभिलेखागार (नाझी छळाच्या बळींच्या नोंदींचं), ऑनलाइन शोध फुकट. प्रशासनाच्या कागदांसाठी बोल्झानोतलं प्रांतिक अभिलेखागार आणि सरकारी अभिलेखागार अशी दोन दारं आहेत. एकाने ‘नाही’ म्हटलं तरी दुसरं ठोठवा. होफरची मुख्य गादी इन्सब्रुकला असल्यामुळे तिथल्या टिरोल अभिलेखागारातही धागे सापडतात.

शेवटच्या आठवड्यातल्या तारखा जपून वापरा. कासेर्ताला इटलीतल्या जर्मन सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या २९ एप्रिल १९४५ ला, अंमल २ मे पासून. ४ मे ला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेल्या अमेरिकन तुकड्या विपितेनोजवळ भेटल्या. मधल्या दिवसांत बोल्झानोत जर्मन सैन्य जागेवर, हत्यारं हातात, आणि ३ मे ला शहरात रक्तही सांडलं. म्हणून ३ मे चा जर्मन शिक्का बनावट असेलच असं नाही.

नागरिकत्वाचा रकाना युद्धानंतरही साफ झाला नाही. जर्मनीला कौल दिलेल्यांना इटालियन नागरिकत्व परत मागण्याची सोय झाली ती ५ सप्टेंबर १९४६ च्या ऑस्ट्रिया आणि इटलीतल्या ग्रुबर–दे गास्पेरी करारानंतर, २ फेब्रुवारी १९४८ च्या कायद्याने. त्यामुळे एकाच आजोबांच्या कागदांवर १९३८ मध्ये इटालियन, १९४१ मध्ये जर्मन, १९४६ मध्ये काहीच नाही आणि १९४९ मध्ये पुन्हा इटालियन अशा नोंदी आल्या, तर त्यांतली एक चूक ठरवून खोडू नका. चारही बरोबर असू शकतात.